ब्लूजवाले हार्मोनिका शिकले कुणाकडून? लिटल वॉल्टर आणि बाकीची मंडळी

पौडफाटा:

मंडळी नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. मी माऊथ ऑर्गन वाजवतो, कुणाकडे शिकलेलो नाही, शाळेपासून जुनी हिंदी गाणी कानाने बसवत आलोय, गॅदरिंग, ट्रेक, ऑफिसची सहल, आपलं क्षेत्र तेवढंच. पंचमदा स्वतः हार्मोनिका वाजवायचे, भानू गुप्तांची कामं आपल्याला पाठ असतात, त्यामुळे हात म्हणा किंवा ओठ म्हणा त्याच वळणाने जातात, सरळ सुरावट, गोड, थोडा कंप.

तर झालं असं की एका मित्राने लिटल वॉल्टरचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जे ब्लूज संगीत त्यातल्या एका हार्मोनिकावाल्याचं, 'ज्यूक' पाठवलं, पावणेतीन मिनिटांच्या आसपासचं आहे, त्यात गाणं नाही, नुसता हार्मोनिका. आणि मी खरंच हबकलो. हे आपण वाजवतो तेच वाद्य आहे यावर विश्वास बसेना, सॅक्सोफोनसारखा भरदार आवाज, मधेच सूर खाली घसरतो, मधेच कण्हल्यासारखा येतो. मग वाचत गेलो तर कळलं की वॉल्टर काय, ज्युनियर वेल्स काय, सनी टेरी काय, यातल्या कुणालाच शाळा-क्लास-नोटेशन असलं काही मिळालेलं नाही, बहुतेकांची शाळाच धड झाली नाही. आणि तरी हे लोक असे वाजवतात.

माझे प्रश्न असे की एक म्हणजे हे लोक नक्की शिकले कसे? 'स्वतःच शिकला' एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं पण त्याचा अर्थ काय, रोज उठून काय करायचे ते? आणि दुसरं, माझ्या माऊथ ऑर्गनवर तो घसरणारा सूर काही केल्या येत नाही, कितीही ओढून बघितलं तरी नाही, यात माझं काय चुकतंय? जाणकारांनी सविस्तर सांगावं, घाई नाही, निवांत लिहा.

मुलुंड_ईस्ट:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. तुमच्याकडे चोवीस भोकांचा, वरखाली दोन रांगांचा माऊथ ऑर्गन आहे का? आपल्याकडे दुकानात नुसतं माऊथ ऑर्गन मागितलं की तोच देतात. त्याला ट्रेमोलो म्हणतात. त्यात एकाच सुराच्या दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एक किंचित वर-खाली लावलेली, म्हणून तो आवाज थरथरतो आणि हिंदी गाण्यांना इतका छान लागतो. पण त्यावर ब्लूजचा बेंड, म्हणजे तो घसरणारा सूर, येणार नाही, तुमचं काही चुकत नाहीये, वाद्यच वेगळं आहे. ब्लूजसाठी दहा भोकांचा छोटा डायटोनिक लागतो, हाताच्या मुठीत मावतो तो. होनर कंपनीचा मरीन बँड हा त्यातला सगळ्यात गाजलेला, १८९६पासून बनतोय, आणि शिकागोच्या जुन्या मंडळींपैकी बहुतेकांनी तोच वाजवला.

पहिल्या प्रश्नावर जाणकार लिहितीलच, मीही वाचायला बसलोय.

गंगापूर_रोड:

वा, अशा धाग्याची वाट बघत होतो. लिटल वॉल्टर हा माझा अतिशय जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.

मॅरियन वॉल्टर जेकब्स, जन्म १ मे १९३०, गाव मार्क्सव्हिल, लुइझियाना. लहानपणीच हार्मोनिका हातात आला आणि बाराव्या वर्षाच्या आसपास पोरगं घर सोडून निघालं. न्यू ऑर्लिन्स, मग आर्कान्सामधलं हेलेना, मेम्फिस, सेंट लुइस, रस्त्यावर वाजवायचं, मिळेल ते पोटापाण्याचं काम करायचं, जिथे जागा मिळेल तिथे झोपायचं. शिकागोला पोचला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तिथे मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार, जुने कपडे, हत्यारं, कोंबड्या, सगळं विकायला, आणि त्या गर्दीत फुटपाथवर वाजवणारे लोक, जवळच्या दुकानातून नाहीतर घरातून वायर ओढून अॅम्प्लिफायर लावायचे. वॉल्टर तिथे वाजवायचा. त्याचं पहिलं रेकॉर्डिंग १९४७चं, तेही त्याच बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानदाराने काढलेल्या छोट्या लेबलवर. १९४८च्या सुमारास तो शिकागोचा मोठा ब्लूज गायक-गिटारवाला मडी वॉटर्स याच्याबरोबर वाजवायला लागला.

आता 'काय करायचे' या तुमच्या प्रश्नाकडे येतो. वॉल्टरच्या आधी शिकागोत ज्याचा दबदबा होता तो जॉन ली विल्यमसन, म्हणजे पहिला सनी बॉय, १९३७पासून त्याच्या रेकॉर्ड निघत होत्या. त्या काळचा प्रत्येक पोरगा आधी त्याच्यासारखं वाजवायचा, वॉल्टरसुद्धा, त्याचं १९४७चं काम ऐका म्हणजे लगेच कळेल. पण वॉल्टरचा कान दुसरीकडेही होता. तेव्हा लुई जॉर्डन नावाचा सॅक्सोफोनवाला अमेरिकेत जोरात होता, नाचायला लावणारं संगीत, आणि वॉल्टर त्याच्या सॅक्सच्या ओळी हार्मोनिकावर बसवत बसायचा. हे लक्षात घ्या, त्याने हार्मोनिकावाल्यांची नक्कल करून झाल्यावर सॅक्सवाल्याची नक्कल सुरू केली, जे त्या वाद्यावर नीट बसतच नाही, सूर कमी पडतात, श्वासाची दिशा आडवी येते, एकेका ओळीसाठी वेगळी वाट शोधावी लागते. त्याची ती गोल लांब वाक्यं, मधल्या मोकळ्या जागा, तालाच्या किंचित मागे रेंगाळणं, हे सगळं त्यातून आलंय. कुणी शिकवणारा असता तर बहुधा म्हणाला असता की बाबा हे या वाद्यावर होत नाही.

आणि माइकचं. क्लबात इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, लोकांचा गोंधळ, यात एवढंसं वाद्य ऐकू कुठून येणार? मग अनाउन्समेंटसाठी वापरतात तसला स्वस्तातला माइक आणि हार्मोनिका दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरायचे, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि अॅम्प फुल्ल. आवाज फाटतो, जाड होतो, लांबतो. मूळ गरज एवढीच होती की ऐकू यावं. वॉल्टरने त्या फाटक्या आवाजाचंच वाद्य केलं. हात किती उघडला, घशातून किती दाब दिला, यावर तो एकाच सुराचे चार रंग काढतो. (माइकवर वाजवणारा तो पहिला नव्हता म्हणतात, स्नुकी प्रायर हा दुसरा हार्मोनिकावाला सैन्यातून परत आला होता, तो सांगायचा की मी तिथल्या लाउडस्पीकरवर आधीच वाजवत होतो. असेलही. पण ऐकायला वॉल्टरचंच ऐकावं.)

'ज्यूक'ची रेकॉर्डिंगची तारीख १२ मे १९५२. मडीचा बँड कार्यक्रमात वाजवायचा तो तुकडा, स्टुडिओत सहज घेतला गेला. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा बँड दौऱ्यावर होता आणि ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) तीच परत परत वाजताना ऐकली म्हणतात. रिदम अँड ब्लूजच्या बिलबोर्ड यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरवर, हार्मोनिकाचं दुसरं कुठलंच वाद्यसंगीत तिथे पहिलं आलेलं नाही. वॉल्टर बावीस वर्षांचा. मडीला सोडून त्याने स्वतःचा बँड केला. पुढची तीन-चार वर्षं त्याने जे काम केलंय ते ऐकायला लागलात की काही महिने दुसरं काही ऐकवणार नाही.

नंतरचं लिहायला जड जातं. दारू, मारामाऱ्या, चेहऱ्यावर व्रण. फेब्रुवारी १९६८मध्ये शिकागोत एका भांडणात मार लागला आणि झोपेत गेला. सदतीस वर्षं. एवढ्या कानाचा, एवढ्या बुद्धीचा माणूस.

पेटीवाली:

गंगापूर_रोड, फार सुंदर लिहिलंत. मी हार्मोनियम वाजवते, भजनी मंडळाची साथ करते, आणि गेली काही वर्षं डायटोनिकच्या नादी लागलेय, तेव्हा तो घसरणारा सूर आतून कसा होतो हे आपल्या सरगमच्या भाषेत सांगून बघते, कारण इंटरनेटवर सगळीकडे होल नंबर आणि बाण असतात आणि आपल्याला पटकन लागत नाही.

दहा भोकं, प्रत्येकात दोन रीड, एक फुंकल्यावर वाजते, एक ओढल्यावर. सी पट्टीचा हार्मोनिका घ्या. जर्मनीत हे वाद्य लोकगीतं वाजवायला बनवलं, फुंकलं की सी, ई, जी एवढेच सूर, म्हणजे सा ग प, कुठेही फुंका बेसूर होत नाही. चौथ्या भोकाच्या फुंकेवर सा धरा आणि साधी गाणी वाजवा, हा झाला कारखान्यातून अपेक्षित वापर. दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी काय केलं, सा हलवला. त्यांनी दुसऱ्या भोकाच्या *ओढीवर* सा धरला, म्हणजे सी पट्टीचं वाद्य जी मध्ये वाजवायला लागले. याला क्रॉस हार्प म्हणतात. आता बघा काय होतं: दुसरं ओढून सा, तिसरं ओढून शुद्ध ग, चौथं फुंकून म, चौथं ओढून प, पाचवं ओढून कोमल नी. कोमल नी आपोआप मिळाला आणि ब्लूजला तोच हवा असतो. शिवाय सगळे मुख्य सूर ओढीवर आले, आणि खालच्या भोकांत वाकतात ते ओढीचेच सूर.

आता वाकणं. तिसऱ्या भोकात ओढीची रीड बी आणि फुंकेची जी. दोघींत चार श्रुतींचं नाही, चार अर्धस्वरांचं अंतर आहे. ओढताना तोंडाच्या आतली पोकळी तुम्ही मोठी केलीत की ओढीची रीड मंदावत जाते आणि खालची फुंकेची रीड उलट्या बाजूने बोलायला लागते, सूर खाली येत येत त्या खालच्या रीडच्या जरा वर थांबतो. म्हणून तिसऱ्यात तीन पायऱ्या मिळतात: कोमल ग, रे, कोमल रे. दुसऱ्यात दोन. चौथ्यात एकच, आणि तो येतो तीव्र म, ब्लूजमधला तो टोचणारा सूर. पाचव्यात दोन रीड इतक्या जवळ आहेत की धड वाकतच नाही. मुलुंड_ईस्ट म्हणतात ते ट्रेमोलोवर का होत नाही तेही यातच आलं, तिथे फुंकेची आणि ओढीची रीड वेगवेगळ्या खणात असतात, एकमेकींशी बोलणार कशा?

आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे ब्लूजचा ग. तो शुद्धही नाही, कोमलही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी, आणि प्रत्येक वादकाचा वेगळा. माझ्या पेटीवर तो नाहीच, पट्टी दाबली की जो सूर लावलाय तोच वाजणार, मींड नाही, मधली जागा नाही. तिसऱ्या भोकावर पहिल्यांदा तो मधला ग लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

करायचं कसं: ओढताना जिभेने 'ई' म्हणायच्या जागेवरून 'ऊ'कडे सरका, जीभ मागे आणि खाली, जबडा सैल, नाकातून हवा जाऊ द्यायची नाही. जोर अजिबात लावायचा नाही. जोराने ओढलं की रीड घुसमटते आणि नुसती किंचाळते. आधी चौथ्यावर करा, मग पहिल्यावर, दुसरं आणि तिसरं शेवटी.

आणि हेच पौडफाटांच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आहे असं मला वाटतं. हे सगळं तोंडाच्या आत होतं. गुरुजी समोर बसले तरी काही दिसत नाही. पेटीवर बोटं दिसतात, तबल्यावर हात दिसतो, इथे जीभ कुठे आहे ते वाजवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. जुन्या वादकांना विचारलं तर ते वाजवून दाखवायचे, समजावून नाही. मग ऐकायचं आणि तो आवाज येईपर्यंत स्वतःच्या तोंडात शोधत बसायचं, याशिवाय दुसरा रस्ता नव्हताच.

रात्रपाळी:

पेटीवालीताई, तीन नंबरचं गणित आज पहिल्यांदा कळलं, धन्यवाद.

मला डीफोर्ड बेलीबद्दल लिहायचंय कारण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुराच होत नाही. शिकागोच्या कितीतरी आधीचा, १८९९चा जन्म, टेनेसी. तीन वर्षांचा असताना पोलिओ झाला, वर्षभर अंथरुणात. घरात सगळे वाजवणारे, आजोबा नावाजलेले फिडलवाले, घरच्यांनी मुलाच्या हातात हार्मोनिका दिला. झोपून राहायचं आणि बाहेरचे आवाज ऐकायचे, कोंबड्या, शिकारी कुत्री, आणि आगगाडी. हे आवाज तो वाद्यावर काढायला लागला. नंतर बरा झाला, उंची जेमतेम, पाठीला बाक राहिला, पण कान तयार झालेला. शाळेत जाताना वाटेत रेल्वेचा पूल लागायचा, गाडी वरून जाईपर्यंत खाली थांबून ऐकायचा आणि मग उरलेली वाट ते वाजवत जायचा.

त्याचं 'पॅन अमेरिकन ब्लूज' ऐका. पॅन अमेरिकन ही सिनसिनाटी ते न्यू ऑर्लिन्स धावणारी एक्स्प्रेस. गाडी लांबून येते, वेग पकडते, शिटी, पूल, पुन्हा लांब जाते, आणि हे सगळं एक माणूस, एक हार्मोनिका, दोन्ही हात. मी रेल्वेत आहे, रात्रीची गाडी यार्डातून सुटताना ऐकणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो, इंजिन चढावर दमतं तेव्हाचा ताल त्याने जो पकडलाय तो अंदाजाने येत नाही. फुंक-ओढ फुंक-ओढ हा श्वासाचा तालच तो इंजिनाचा करतो, सूर त्याच्यावर नंतर बसतो.

नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या ग्रँड ओल ऑप्री या कार्यक्रमाचा तो पहिल्या काही वर्षांतला मोठा स्टार, आणि कार्यक्रमाला ते नाव १९२७मध्ये मिळालं तेही त्याने हीच गाडी वाजवल्यावर लगेच. दौऱ्यावर मात्र गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही, जेवण वेगळीकडे. १९४१मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओवाल्यांचा मोठा वाद झाला, जुनी गाणी वाजवायला बंदी आली, याला काढून टाकलं आणि वर म्हणाले की नवीन काही शिकत नाही. पुढे त्याने बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं. १९८२ला गेला. कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ला. मला हे वाचून फार राग आला होता, अजूनही येतो.

धरमपेठ:

सगळे प्रतिसाद उत्तम, पण थोडा विरोध नोंदवतो, राग नसावा. 'स्वतःच शिकला' हे जे म्हणतात ना त्यात अर्धसत्य आहे. आता रात्रपाळींनीच लिहिलं की बेलीच्या घरात सगळे वाजवणारे होते. सनी टेरीला सुरुवात वडिलांनी करून दिली, नंतर दोन अपघातांत त्याची दृष्टी गेली, शेती शक्य नव्हती म्हणून तो वाजवण्याकडे पूर्ण वळला आणि १९३८मध्ये थेट कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं.

आणि जेम्स कॉटन बघा. मिसिसिपीतल्या टुनिकाचा, शेतमजुरांच्या घरातला. आई हार्मोनिकावर कोंबडी आणि आगगाडी काढायची, आधी त्याला वाटायचं या वाद्यावर एवढंच येतं. मग रेडिओवर 'किंग बिस्किट टाइम' ऐकला. हेलेनाचं केएफएफए स्टेशन, १९४१ला सुरू झालेला दुपारचा कार्यक्रम, पिठाची जाहिरात आणि त्यात राइस मिलर, म्हणजे दुसरा सनी बॉय विल्यमसन, रोज लाइव्ह वाजवायचा. कॉटन रोज कान लावून ती सुरुवातीची धून बसवायचा आणि नऊ वर्षांचा असताना मामाने त्याला हेलेनाला नेऊन मिलरसमोर उभं केलं. पोराने त्याचीच धून त्याला वाजवून दाखवली. पुढे कॉटन त्याच्याकडेच राहिला, त्याच्याबरोबर फिरला. आपल्याकडे याला आपण सरळ गुरुकुल म्हटलं असतं. पुढे १९५०च्या दशकात मडी वॉटर्सकडे वॉल्टरची जागा चालवली ती याच कॉटनने.

वॉल्टरसुद्धा हेलेनात मिलरला ऐकत होता, मेम्फिसकडे बिग वॉल्टर हॉर्टन होता, तो तर म्हणायचा मीच शिकवलं त्याला. 'ज्यूक'ची सुरुवातीची ओळ स्नुकी प्रायरच्या १९४८च्या रेकॉर्डवरून आलीय असं प्रायरचं म्हणणं होतं, आणि दोन्ही ऐकल्या तर साम्य दिसतं. म्हणजे कुणीही एकटा नव्हता. क्लास नव्हता एवढंच खरं. शिकवणारे ढीगभर होते, रस्त्यावर, रेडिओवर, ज्यूकबॉक्समध्ये. आपल्याला 'स्वयंभू कलाकार' ही गोष्ट आवडते म्हणून आपण ती सगळ्यांवर चिकटवतो आणि मग शिकवणाऱ्या माणसांची नावं गळून जातात. मिलर आणि हॉर्टन यांचं नाव वॉल्टरबरोबर घेतलंच पाहिजे.

गंगापूर_रोड:

धरमपेठ, मान्य, हॉर्टनचं नाव मी घ्यायला हवं होतं. फक्त एक भर. ऐकायला मिळणं आणि शिकवलं जाणं यात फरक आहे असं मला वाटतं. त्या बाजारात आणि त्या रेडिओवर सगळ्यांनाच सगळं ऐकू येत होतं, सॅक्सची ओळ हार्मोनिकावर आणायची हे वॉल्टरलाच सुचलं. ते श्रेय मी मिलरला देणार नाही.

धरमपेठ:

तेवढं दिलं :) आणि कॉटनची १९६०नंतरची स्वतःच्या बँडची कामंही ऐका म्हणतो मी.

शिकागोतली_सून:

मी सतरा-अठरा वर्षं इकडे शिकागोच्या उपनगरात आहे, त्यामुळे जागांबद्दल लिहिते. मॅक्सवेल स्ट्रीटचा जुना बाजार आता नाही. विद्यापीठाच्या विस्तारासाठी जागा घेतली, १९९४ला बाजार उठवून दुसऱ्या रस्त्यावर हलवला, नंतर परत हलवला. जुन्या इमारतींचे काही दर्शनी भाग ठेवलेत पण वाजवणाऱ्यांचा तो कोपरा कल्पनेनेच बघावा लागतो. वॉल्टरच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची २१२० साउथ मिशिगन अॅव्हेन्यूची इमारत मात्र आहे, तिथे ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या नावाची संस्था चालते, आत जाता येतं. फक्त 'ज्यूक' तिथलं समजून हात लावू नका, चेस त्या इमारतीत १९५७ला आले, 'ज्यूक' आधीचं, दुसऱ्या स्टुडिओतलं. वॉल्टर एव्हरग्रीन पार्कच्या सेंट मेरी दफनभूमीत आहे. १९९१पर्यंत तिथे नावाचा दगडसुद्धा नव्हता, चाहत्यांनी बसवला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००८ला घेतलं.

आणि ज्युनियर वेल्सची गोष्ट कुणीच कशी लिहिली नाही अजून? तो स्वतः सांगायचा. जुन्या वस्तूंच्या दुकानात हार्मोनिका दिसला, किंमत दोन डॉलर. याने शाळा बुडवून आठवडाभर सोड्याच्या गाडीवर काम केलं, आणि शनिवारी मालकाने हातावर दीड डॉलर ठेवला. दुकानदार कमी करेना. मग याने दीड डॉलर गल्ल्याजवळ ठेवला, हार्मोनिका उचलला आणि चालू पडला. प्रकरण कोर्टात गेलं. जजने विचारलं का रे बाबा असं केलंस, तर म्हणाला मला तो हवाच होता. जज म्हणाला वाजवून दाखव. वाजवलं. जजने स्वतःच्या खिशातून अर्धा डॉलर दुकानदाराला दिला आणि केस तिथेच संपवली.

१९५२ला वॉल्टर मडीला सोडून गेला तेव्हा त्या जागेवर हाच ज्युनियर वेल्स आला, जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा. आणि ज्या साथीदारांना सोडून तो आला, मायर्स बंधू आणि ड्रमवर फ्रेड बिलो, त्यांना वॉल्टरने आपल्या बँडमध्ये घेतलं. सरळ अदलाबदल! पुढे गिटारवाला बडी गाय याच्याबरोबर वेल्सची जोडी कितीतरी वर्षं टिकली.

मुलुंड_ईस्ट:

शिकागोतली_सून, बडी गाय २०११ला मुंबईत येऊन गेलाय, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं पहिलं वर्ष. मी होतो. समोर दहा-पंधरा फुटांवर तो माणूस आणि डोक्यात सारखं हेच की हा वेल्सच्या शेजारी उभा राहून वाजवायचा.

पौडफाटा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस नुसता वाचतोय आणि ऐकतोय. बेलीची गाडी बायकोला ऐकवली, तिने मान्यच केलं नाही की एकच माणूस वाजवतोय.

पेटीवालीताई, डायटोनिक मागवलाय, मरीन बँडच्याच जातीचा पण आतला सांगाडा प्लॅस्टिकचा असलेला घेतला, लाकडाचा सांगाडा ओलाव्याने फुगतो असं वाचलं आणि पुण्याचा पावसाळा म्हटल्यावर धोका नको. पट्टी सी घेतलीय. 'ज्यूक'बरोबर वाजवायला गेलो तर जमत नाहीये, सगळंच उलटंपालटं लागतं, कोणती पट्टी लागते त्याला? आणि वेग कमी करून ऐकणं चालतं का, की ते फसवणूक आहे?

पेटीवाली:

'ज्यूक' ई मध्ये आहे आणि तुम्हाला क्रॉस हार्पने वाजवायचंय, म्हणजे ए पट्टीचा हार्मोनिका. ओढीच्या दुसऱ्या भोकावर जो सूर येतो तोच गाण्याचा सा, हे लक्षात ठेवलं की कुठलंही गाणं सापडतं. पण घाई करू नका, सी वर चौथ्या भोकाचा तीव्र म आधी स्वच्छ येऊ द्या, तानपुरा अॅपवर जी लावून त्याच्यासमोर वाजवा, म्हणजे कान फसणार नाही.

वेग कमी करून जरूर ऐका. १९६०च्या दशकात जी पोरं वॉल्टरच्या रेकॉर्ड ऐकून शिकली ती तेहतीसची एलपी सोळाच्या स्पीडवर लावायची, गाणं बरोबर अर्ध्या वेगात आणि एक सप्तक खाली ऐकू यायचं. तुम्हाला तर अॅपमध्ये सूर न बदलता वेग कमी करता येतो. आणि पहिली बारा बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांची, एक फेरीच घ्या फक्त. ती पूर्ण बसेपर्यंत दुसरी ऐकायचीसुद्धा नाही.

रात्रपाळी:

आणि पौडफाटा, रोज सुरुवातीला पाच मिनिटं सूर-बीर सगळं सोडून नुसती गाडी काढा, पहिली ते चौथी भोकं एकदम तोंडात धरून दोन ओढ दोन फुंक, दोन ओढ दोन फुंक, हळू सुरू करून वेग वाढवत न्यायचा. श्वास पोटातून. चक्कर आली तर थांबा. घोरपडी फाटकाजवळ उभं राहून केलंत तर फारच छान, तिथे गाड्या हळू होतात.

पौडफाटा:

शनिवारी सकाळी जातोच. ए पट्टीचा पण सांगून ठेवलाय दुकानात, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला.